थिजलेलें तेल आणि राखलेला विस्तव : लडाखच्या हवाईमार्गाच्या इतिहासाचें एक उपेक्षित अंग

(१)

रत्नागिरीकडे मार्गशीर्ष-पौषाच्या पहांटे खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी तींतून थेंब पडत नाहीं. तेल थिजून पांढरें होऊन बुडाशीं बसलेलें असतें. मग घरांतील मंडळी ती बाटली चुलीच्या वैलाशेजारीं किंवा अंगणांतल्या कोंवळ्या उन्हांत ठेवतात, आणि घटकाभरानें तेल पुनः वाहतें होतें. खोबरेल तेल सुमारें २४ अंश सेंटिग्रेडच्या खालीं थिजूं लागतें. म्हणून पारा पंधरा अंशांखालीं क्वचितच उतरणाऱ्या कोंकणांतही हा अनुभव घरोघर आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या अनुभवाहून तत्त्वतः निराळा नाहीं. ज्या मालवाहू लष्करी विमानांनीं १९४८ सालापासून लडाखशीं आपला संबंध राखला, त्यांचीं इंजिनें कडाक्याच्या थंडींत तापवून चालू कशीं करावयाचीं, आणि मुळांत तशी पाळीच येऊं नये म्हणून कोणती योजना झाली, हें येथें पाहावयाचें आहे. युद्धाच्या इतिहासांत ह्या गोष्टीच्या वांट्याला सहसा एक ओळही येत नाहीं. तथापि इंजिन चालू झालें नाहीं तर रसद जात नाहीं, आणि रसद गेली नाहीं तर ठाणें टिकत नाहीं, हा क्रम किल्ल्यांच्या दाणागल्ल्याचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस निराळा सांगावयास नको.

आमच्या वाचकांचा व्यासंग मुख्यत्वें दप्तरें, बखरी, सनदा व हस्तलिखितें यांचा. त्यांच्यापुढें इंजिनांचा विषय कां मांडावा, अशी शंका येणें साहजिक आहे. तिला दोन उत्तरें आहेत. एक, ह्या विषयाचा पहिला दुवा चारशें वर्षांहून जुन्या एका फारसी ग्रंथांत मिळतो. दुसरें, त्याचीं शेवटचीं साधनें कोणत्याही मोठ्या दप्तरखान्यापेक्षां आपल्याकडील घरांच्या माळ्यांवर व ट्रंकांतून असण्याचा संभव अधिक आहे. दुसऱ्या मुद्द्याचा विचार लेखाच्या शेवटीं केला आहे.

(२)

काराकोरम खिंडीच्या दक्षिणेस, यारकंद व लेह यांना जोडणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गावर दौलत बेग ओल्डी नांवाचा एक ओसाड पडाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १६,६०० फुटांहून अधिक. नांव तुर्की असून त्याचा अर्थ ‘थोर व श्रीमंत पुरुष जेथें मरण पावला तें स्थळ’ असा करतात. परंपरा हें नांव यारकंदचा सुलतान सैद खान याच्याशीं जोडते. सैद खान १५३३ सालीं (शके १४५५) लडाखच्या स्वारींतून परत जात असतां वाटेंत मृत्यु पावला.

ह्या स्वारींत त्याचा आप्त व सेनानी मिर्झा हैदर दुघलात हा होता. त्यानें पुढें काश्मीरांत राहून ‘तारीख-इ-रशीदी’ हा फारसी ग्रंथ लिहिला. त्याचें डेनिसन रॉसकृत इंग्रजी भाषांतर १८९५ सालीं प्रसिद्ध झालें. उंच पठारावर परदेशच्या माणसाला जडणाऱ्या एका व्याधीचें वर्णन मिर्झा हैदरानें केलें आहे व तिला ‘दमगीरी’ असें नांव दिलें आहे. दम म्हणजे श्वास. हा शब्द मराठींत दम लागणें, दम कोंडणें अशा रूपांनीं आपल्या नित्य परिचयाचा आहे. दमगीरी म्हणजे श्वास धरला जाणें. ओझें पाठीवर घेऊन चढण धांवत चढल्याप्रमाणें मनुष्य धापा टाकतो, त्याला झोंप लागत नाहीं, अन्नावर वासना राहत नाहीं. मिर्झा हैदराचीं दोन निरीक्षणें विशेष लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. हवा जितकी थंड तितकी ही व्याधि अधिक तीव्र, हें एक. आणि ती केवळ मनुष्यांस होते असें नसून घोड्यासारख्या श्वास घेणाऱ्या प्रत्येक प्राण्यास होते, हें दुसरें.

ह्या दुसऱ्या वाक्याची व्याप्ति किती मोठी आहे, याची त्या ग्रंथकारास कल्पना असणें शक्य नव्हतें. विमानाचें इंजिन हेंही श्वास घेणारेंच आहे. हवा आंत ओढावयाची, तींत इंधन जाळावयाचें व जळका वायु बाहेर टाकावयाचा, एवढाच त्याचा धर्म. दौलत बेग ओल्डी येथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो, आणि लेहला सुमारें दोन तृतीयांश. ज्या पडावाच्या नांवांतच दमगीरीनें मेलेल्या सुलतानाची आठवण आहे असें परंपरा सांगते, त्याच पडावावर विसाव्या शतकांत विमानें उतरविलीं गेलीं. स्थलनाम, हस्तलिखित आणि यंत्र यांची अशी गांठ इतिहासांत विरळाच.

थंडी शस्त्रालाही निकामी करते याचें उदाहरण त्याच प्रदेशाच्या इतिहासांत आहे. जम्मूचा सेनापति जोरावरसिंग यानें १८४१ सालीं (शके १७६३) पश्चिम तिबेटांत मजल मारली. डिसेंबरांत तकलाकोटाजवळ त्याचा मोड होऊन तो पडला. ऊब मिळावी म्हणून त्याच्या कांहीं शिपायांनीं आपल्या बंदुकांचे लांकडी दस्ते जाळले, असें कनिंगहॅमनें आपल्या लडाखविषयक ग्रंथांत नमूद केलें आहे. ज्या हत्यारानें लढावयाचें तेंच जाळून हात शेकावे लागले! थंड मुलुखांतील मोहिमेंत विस्तवाचा प्रश्न दारूगोळ्याच्या प्रश्नाइतकाच मोठा असतो, हें ह्यावरून दिसून येईल.

(३)

आतां इंजिनाकडे वळूं. १९४८ च्या मोहिमेंतील मुख्य मालवाहू विमान म्हणजे डाकोटा. त्याला दोन इंजिनें असत. प्रत्येक इंजिनांत चौदा सिलिंडर एका मध्यवर्ती दांड्याभोंवतीं दोन वर्तुळांत बसविलेले असून त्याची शक्ति सुमारें १,२०० अश्वशक्ति होती. असें इंजिन रात्रभर उणे पंधरा-वीस अंशांच्या थंडींत उभें राहिलें तर त्याची काय अवस्था होते, तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट तेलाची. इंजिनाचें वंगण मधाप्रमाणें, आणि पुढें डांबराप्रमाणें दाट होतें. मुख्य दांडा त्या चिकट तेलांत जणूं चिणला जातो व फिरत नाहीं. जबरीनें फिरविलाच, तर दाट तेल पंपांतून वेळेवर पुढें सरकत नाहीं. बेअरिंगें कोरडींच घांसलीं जातात, आणि इंजिन चालू झालें असें वाटत असतांनाच त्याचा नाश होत असतो.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. पेट्रोल जळतें तें वाफ होऊन. थंडींत त्याची वाफ पुरेशी होत नाहीं, म्हणून चालकाला सुरुवातीस जास्तीचें पेट्रोल सिलिंडरांत सोडावें लागतें. कमी सोडलें तर इंजिन पेटत नाहीं. अधिक झालें तर तें खालीं सांचतें व आगीचें भय उत्पन्न होतें.

तिसरी गोष्ट बॅटरीची. शिशाच्या पत्र्यांची बॅटरी थंडींत आपली बरीच शक्ति गमावते. म्हणजे दांडा फिरविण्यास जेव्हां सर्वांत अधिक जोर लागतो, तेव्हांच जोर देणारें साधन सर्वांत अशक्त असतें. उतरलेल्या बॅटरींतील द्रव गोठून तिचें कवच फुटण्याचाही धोका असतो.

चौथी गोष्ट धातूंची. अॅल्युमिनियमचें कवच पोलादी दांड्यापेक्षां अधिक आकसतें, त्यामुळें दोहोंमधील ठरीव फट बदलते. रबरी वळीं ताठ होऊन तेल झिरपूं लागतें. ह्याखेरीज वर्तुळाकार इंजिनाचा एक स्वभावदोष असा कीं, उभें असतां तेल खालच्या सिलिंडरांत उतरून सांचतें. द्रव दाबला जात नाहीं. म्हणून तसेंच यंत्र सुरूं केल्यास दट्ट्याचा दांडा वांकतो. यास्तव सुरूं करण्यापूर्वी माणसें पंख्याचीं पातीं हातांनीं एकामागून एक ओढून तो कांहीं वेळां फिरवीत आणि वाट मोकळी असल्याची खात्री करून घेत. हातमोज्यांतील बोटें बधिर झालेलीं असतां पहांटेच्या काळोखांत हें काम करणें म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनींच करावी.

(४)

ह्या संकटावर उपाय प्रथम उत्तरेकडील देशांनीं काढले. अलास्का व उत्तर कॅनडा येथील वैमानिक १९२० नंतरच्या दोन दशकांत विमान उतरतांच इंजिन गरम आहे तोंवर सगळें तेल डब्यांत काढून घेत. तो डबा रात्रभर झोंपडींतल्या शेगडीजवळ असे. सकाळीं इंजिनावर जाड कापडाची खोळ तंबूसारखी पसरून तिच्याखालीं नळकाम करणाऱ्यांची रॉकेलची भट्टी धरीत, आणि धातु पुरेसा तापला म्हणजे शेगडीवरचें कढत तेल आंत ओतून लगेच इंजिन सुरूं करीत. काश्मिरी मनुष्य फेरनाखालीं कांगडी धरून बसतो, तसाच हा प्रकार. भेद इतकाच कीं, येथें फेरन पेट्रोलनें भिजलेलें असण्याचा संभव, आणि भट्टीजवळचा मनुष्य क्षणभर बेसावध झाला कीं विमान जळून खाक. म्हणून भट्टीपाशीं एकजण सतत आग विझविण्याचें साधन घेऊन उभा राही.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणखी एक युक्ति सर्वत्र रूढ झाली. संध्याकाळीं इंजिन बंद करण्यापूर्वी त्याच्या तेलांत ठराविक प्रमाणांत पेट्रोल मिसळावयाचें. तेल पातळ होतें व रात्रीं थिजत नाहीं. सकाळीं इंजिन सुरूं होऊन तापलें म्हणजे पेट्रोल उडून जातें आणि मूळचें तेल राहतें. युक्ति सुटसुटीत खरी, परंतु पेट्रोल किती मिसळावें हें उद्यांच्या पहांटेच्या थंडीवर अवलंबून. म्हणजे कारागिराला आदल्या संध्याकाळीं दुसऱ्या दिवशींच्या हवेचा अंदाज बांधावा लागे. अंदाज कमी पडला तर इंजिन सुरूं होत नसे. अधिक झाला तर अति पातळ तेलानें बेअरिंगें झिजत. त्याच काळांत पेट्रोलवर चालणारीं चाकांचीं उष्णवायुयंत्रें निघालीं. त्यांच्या कापडी नळ्या खोळीखालीं घालून इंजिनावर गरम हवा सोडीत.

हीं साधनें नसलीं म्हणजे काय होतें, तें स्टालिनग्राड येथें दिसलें. नोव्हेंबर १९४२ ते फेब्रुवारी १९४३ ह्या काळांत वेढ्यांत सांपडलेल्या जर्मन सैन्यास विमानांनीं रसद पुरवावयाची होती. दररोज निदान ३०० टन माल पाहिजे होता. पोहोंचलेल्या मालाची सरासरी त्याच्या निम्म्यापर्यंतही गेली नाहीं. शत्रूचीं लढाऊ विमानें, धुकें व बर्फ हीं कारणें प्रसिद्धच आहेत. परंतु उघड्या मैदानांत गोठून उभीं असलेलीं, इंजिनें सुरूं न होणारीं विमानें हेंही एक कारण होतें. उलट रशियन लोक असल्या हिंवाळ्यांत वाढलेले. तापविलेलें तेल व पाणी इंजिनांत ओतणें हा त्यांचा नित्याचा परिपाठ होता.

(५)

हिंदुस्थानाच्या वायुसेनेपुढें हा प्रश्न उभा राहिला तो निराळ्या स्वरूपांत. १९४८ च्या हिंवाळ्यांत जोझी-ला ओलांडून एक लहानशी तुकडी लेहच्या रक्षणास गेली. तिच्याबरोबर लडाखी अभियंता सोनम नोर्बू होते. त्यांनीं स्थानिक मजुरांच्या साहाय्यानें सिंधूच्या कांठीं स्पितुकजवळ धावपट्टी तयार केली. २४ मे १९४८ रोजीं (शके १८७०) एअर कमोडोर मेहरसिंग यांनीं मेजर जनरल थिमय्या यांस बरोबर घेऊन त्या पट्टीवर डाकोटा उतरविलें. पट्टीची उंची सुमारें १०,७०० फूट. विमानाच्या खोलींत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, आणि वाटेंतील शिखरें विमानाच्या पोहोंचीच्या सीमेवर होतीं. हें कृत्य असामान्य होतें यांत शंका नाहीं.

परंतु एकदां उतरणें निराळें आणि वर्षानुवर्षें, बाराही महिने उतरत राहणें निराळें. लेहला जानेवारीच्या रात्रीं पारा उणे पंधरा अंशांच्या आसपास जातो, कधीं उणे वीसच्याही खालीं. जोझी-ला बर्फानें बंद होत असे, तेव्हां विमान हीच एक वाट. येथें वैमानिक आणि कारागीर यांचे हितसंबंध परस्परविरुद्ध होते. थंड हवा दाट असते. दाट हवेंत पंख अधिक भार उचलतात व इंजिनाचा दमही कांहींसा वाढतो. म्हणून वैमानिकास हवी थंड सकाळ. शिवाय दुपार झाली कीं लेहच्या खोऱ्यांत वारे सुटतात. उलट कारागिरास ऊन वर आलेलें हवें, कारण थंड सकाळीं इंजिन सुरूं करणें हेंच मोठें संकट. एकाच थंडीनें उड्डाण सोपें होतें आणि सुरुवात अवघड होते.

ह्यांतून जी रीत बसली ती अशी : विमानाचें घर पठारावर ठेवावयाचेंच नाहीं. विमानें चंडीगडसारख्या सपाटीवरील तळांवर रात्र काढीत. तेथें पौषांतही पारा सहसा शून्याखालीं जात नाहीं. पहांटे इंजिनें सपाटीवर सुरूं व्हावयाचीं आणि तापलेल्या स्थितींतच विमान सकाळच्या थंड हवेंत पठारावर पोहोंचावयाचें. अत्युच्च पट्ट्यांवर माल उतरवीपर्यंत इंजिनें बंदच करावयाचीं नाहींत, असा प्रघात पडला. पंखे फिरत असतांच दार उघडे, शिपाई धांवत माल खालीं घेत, परतीचे लोक चढत, आणि वारा उठण्यापूर्वी विमान परत निघे. गरम इंजिन आणि थंड हवा हीं दोन्ही एके ठिकाणीं आणण्याचा हाच मार्ग होता.

आगपेटी महाग होती तेव्हां कोंकणांतील गृहिणी रात्रीं चुलींतला निखारा राखेखालीं पुरून ठेवी, म्हणजे सकाळीं नवा विस्तव पाडण्याचे कष्ट वांचत. तोही विझला तर शेजारच्या घरून करवंटींतून विस्तव आणीत. लडाखच्या हवाईमार्गाची सगळी योजना ह्या एका वाक्यांत सांगतां येईल : विस्तव वर पाडावयाचा नाहीं, खालून पेटता न्यावयाचा आणि पेटताच परत आणावयाचा. उत्तरेकडील देशांनीं गोठलेलें इंजिन तापविण्याची विद्या वाढविली. आपण मुख्यतः इंजिन गोठूं न देण्याची विद्या वाढविली. त्यांचीं मैदानें शेंकडों कोसपर्यंत सारखींच थंड. आपला हिंवाळा मात्र उभा, तासाभराच्या उड्डाणाच्या अंतरावर उबदार सपाटी असलेला. भूगोलानें दिलेली ही सोय आपल्या लोकांनीं ओळखली, हें त्यांच्या बुद्धीचें लक्षण होय.

ह्या रीतीची किंमतही होती. इंजिन चालू ठेवणें म्हणजे इंधन जाळणें, आणि परतीचें इंधन मोजकें असे. फिरत्या पंख्याच्या वाऱ्यानें आधींच बोचणारी थंडी माल उतरविणाऱ्यांना दुप्पट लागे. पंख्याच्या पात्यांजवळ एक चुकीचें पाऊल म्हणजे मृत्यु. आणि कांहीं बिघाड होऊन इंजिन वरच थांबलें, म्हणजे पुनः जुनीच विद्या आठवावी लागे : तेल काढणें, बुखारीजवळ ठेवणें, खोळ घालणें, गरम हवा सोडणें, पंखा हातानें फिरविणें.

(६)

पुढील काळांत विमानें बदललीं. १९५४ पासून अमेरिकन बनावटीचीं पॅकेट विमानें आलीं. त्यांच्या प्रत्येक इंजिनांत अठरा सिलिंडर होते, तरीही पठारावर दम अपुरा पडे. पुढें ह्या विमानांच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसविण्यांत आलें. घाटांत गाडीला पुढें आणखी एक जोडी जुंपावी, तसाच हा उपाय. २३ जुलै १९६२ रोजीं स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनीं पॅकेट विमान दौलत बेग ओल्डी येथें उतरविलें. त्याच वर्षीं २५ ऑक्टोबरास आन्तोनोव्ह-१२ विमानांनीं सुमारें १४,००० फुटांवरील चुशूल येथें हलके रणगाडे नेऊन पोहोंचविले.

आन्तोनोव्ह-१२ हें टर्बाइनच्या जातीचें. टर्बाइनमध्यें दट्ट्ये नसतात. त्याचा दांडा गोल फिरतो व त्याला चालतें करण्यास वर्तुळाकार इंजिनाइतकी झटापट करावी लागत नाहीं. परंतु थंडीचा प्रश्न संपला असें मात्र नव्हे. पंख्याच्या दंतचक्रांचें तेल दाट होतेंच, बॅटरी दुबळी होतेच, आणि विरळ हवेंत पेट घेतांना चूक झाल्यास आंतील पातीं अति तापून खराब होतात. म्हणून इंजिन चालू ठेवण्याचा परिपाठ ह्या विमानांबरोबरही टिकला. १३ एप्रिल १९८४ रोजीं सुरूं झालेल्या मेघदूत मोहिमेनंतर सियाचीनच्या ठाण्यांना लागणारी रसद लेह व थोइस येथें आणून टाकण्याचें काम आन्तोनोव्ह व इल्युशिन विमानांनीं केलें. दौलत बेग ओल्डीची पट्टी १९६६ नंतर चार दशकें ओस पडली होती. ३१ मे २००८ रोजीं तेथें आन्तोनोव्ह-३२ उतरलें, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजीं सी-१३० जे जातीचें मोठें विमान उतरलें.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. लेहचें पहिलें अवतरण २४ मे. राजे यांचें २३ जुलै. २००८ चें ३१ मे. २०१३ चें २० ऑगस्ट. ज्या चार पहिलेपणांच्या तारखा ह्या पट्ट्यांच्या इतिहासांत वारंवार सांगितल्या जातात, त्या चारही उन्हाळ्याच्या आहेत. त्यांत आश्चर्य नाहीं. नवें साहस मनुष्य अनुकूल ऋतूंतच करतो. परंतु ठाणीं टिकलीं तीं उन्हाळ्यांतील साहसानें नव्हे, तर हिंवाळ्यांतील नित्यकर्मानें. आणि नित्यकर्माला तारीख नसते. पंखा फिरविणाऱ्याच्या, खोळ घालणाऱ्याच्या, पहांटे तीन वाजतां तेलाचें तापमान पाहणाऱ्याच्या कामाचा उत्सव होत नाहीं, म्हणून त्याची नोंदही मागें राहत नाहीं. पेशव्यांच्या स्वाऱ्यांत घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांची जी गत, तीच ह्यांची.

(७)

ह्या मार्गानें घेतलेल्या बळींपैकीं एकाचा उल्लेख येथें केला पाहिजे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजीं आन्तोनोव्ह-१२ जातीचें एक विमान चंडीगडहून लेहकडे निघालें. हवा बिघडल्यामुळें तें मागें वळलें आणि रोहतांगच्या परिसरांत नाहींसें झालें. त्यांत १०२ माणसें होतीं. २००३ सालीं गिर्यारोहकांना त्याचे अवशेष मिळाले, आणि २०२४ सालीं, म्हणजे छपन्न वर्षांनंतर, आणखी चार मृतदेह बर्फांतून बाहेर काढण्यांत आले. ओळख पटविण्याच्या कामीं अंगावरील कागदांचाही उपयोग झाला.

हस्तलिखितें जमविणाऱ्या वाचकांनीं ह्या घटनेवर क्षणभर थांबावें. हिमनदीनें छपन्न वर्षें कागद जपला. आपल्या कोंकणांत तोच कागद पांच पावसाळेही निभावत नाहीं. कसर, वाळवी, बुरशी आणि भाद्रपदांतली दमट हवा ह्यांनीं किती दप्तरें खाल्लीं याची गणती आपण सर्वांनीं केलेली आहे. म्हणून आतां मूळ मुद्द्यावर येतों.

रत्नागिरी जिल्ह्यांतील घरें पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरणीवर, आगबोटीवर आणि पलटणींतील नोकरीवर चाललीं. स्वातंत्र्यानंतर येथील तरुण तिन्ही दलांत गेले. वायुसेनेंत गेलेल्यांपैकीं सगळेच वैमानिक झाले नाहींत. पुष्कळजण जलाहळ्ळी, तांबरम् अशा शिक्षणकेंद्रांतून तयार होऊन इंजिनें, विजेचीं साधनें, हत्यारें यांच्या कामास लागले. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांत वाढलेल्या मुलानें प्रथमच उणे वीस अंशांत लोखंडाला हात लावावा, आणि घरीं आईनें थिजलेली बाटली चुलीशीं ठेवावी तसें त्यानें तेलाचें पिंप बुखारीशीं ठेवावें, ह्यांत इतिहास नाहीं असें कोण म्हणेल?

अशा मनुष्यामागें जे कागद राहतात ते सामान्यतः पुढील प्रकारचे होत. शिक्षणकाळांत हातानें लिहिलेल्या वह्या, ज्यांत इंजिनांच्या आकृत्या व सुरूं करण्याचा क्रम असतो. ‘५६ ए. पी. ओ.’ एवढाच पत्ता असलेलीं अंतर्देशीय पत्रें. मनीऑर्डरच्या पावत्या व त्यांवरील दोन ओळींचा मजकूर. बदलीचे हुकूम. मागें तारीख लिहिलेले फोटो. वैमानिक असल्यास त्याची उड्डाणवही, जींत प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमान व वेळ यांची नोंद असते.

ह्या साधनांची परीक्षा जुन्या कागदांप्रमाणेंच करावी लागेल. लष्करी टपालाच्या पत्त्यांत स्थळ गुप्त असतें. तें टपालशिक्क्याचा क्रमांक, मजकुरांतील ऋतूची खूण व बदलीचा हुकूम यांच्या मेळानें ठरवावें लागतें, जसें मोडी पत्रांतील नुसत्या चंद्रावरून साल ठरवितों. शिक्षणवहींतला पाठ व प्रत्यक्षांतली रीत यांत फरक असेल तर तो टिपून ठेवावा, कारण खरी विद्या बहुधा त्या फरकांतच असते. निवृत्त मनुष्य हयात असेल तर त्याच्या तोंडून इंजिन सुरूं करण्याचा क्रम पायरीपायरीनें लिहून घ्यावा. हाताला ठाऊक असलेली गोष्ट तोंडानें सांगतांना मनुष्य अडखळतो. त्यास घाई करूं नये. जेथें लष्करी गुप्ततेचा संबंध येईल तेथें अर्थातच मर्यादा पाळावी. परंतु डाकोटा आणि पॅकेट आतां संग्रहालयाच्या वस्तु झाल्या आहेत. त्यांच्या तेलाची गोष्ट सांगितल्यानें कोणाचें नुकसान होणार नाहीं.

मिर्झा हैदरानें दमगीरीविषयीं चार ओळी लिहिल्या नसत्या, तर दौलत बेग ओल्डी हें नांव आज केवळ नकाशावरचें एक चमत्कारिक नांव राहिलें असतें. त्या पट्टीवर हिंवाळ्यांत उतरणाऱ्यांचीं इंजिनें ज्यांनीं धडधडतीं ठेवलीं, त्यांच्या चार ओळी मात्र अजून त्यांच्या ट्रंकेंतच आहेत. त्या पिढींतील जे आज आहेत ते वृद्ध झाले आहेत. पावसाळा दरवर्षीं येतो. राखेखालचा निखारा अजून विझलेला नाहीं. पण तो फुंकावयास फार दिवस उरले नाहींत. मंडळाच्या सभासदांनीं आपापल्या गांवीं अशा घरांची चौकशी करावी व मिळतील त्या कागदांच्या नकला करून संग्रहास द्याव्या, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.